ली मॉर्गनचा ‘द साइडवाइंडर’ कसा ऐकावा: बार मोजण्यापासून ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हपर्यंत

अमेरिकन ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ ही जॅझ रेकॉर्ड सुरू झाली की पहिल्या अर्ध्या मिनिटात पाय ठेका धरतो. बहुतेकांचं ऐकणं तिथेच थांबतं. शीर्षकाची रचना सगळ्यांना माहीत असते, पुढच्या चार रचना मागे वाजत राहतात, आणि सोलो, म्हणजे एकेकाचं उत्स्फूर्त वादन, चालू असताना नेमकं काय चाललंय हे कळत नाही. हार्ड बॉप ही जॅझची शैली समजून घ्यायची असेल तर या रेकॉर्डइतकी सोपी सुरुवात दुसरी नाही. मात्र त्यासाठी मोजत ऐकावं लागतं. ठेका धरता येतो त्याला हे जमतं, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, यायची गरज नाही.

खाली दिलेला क्रम चार बैठकांचा आहे. प्रत्येक बैठक पाऊण ते एक तासाची, आणि एका दिवशी एकच. चारही बैठका एका रात्रीत उरकल्या तर कान थकतात आणि तिसऱ्या सोलोनंतर सगळं सारखंच वाटायला लागतं.

रेकॉर्डची ओळख

ध्वनिमुद्रण २१ डिसेंबर १९६३ रोजी, एकाच दिवसात, न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्स इथे रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झालं. निर्माता ब्लू नोट कंपनीचा अल्फ्रेड लायन. रेकॉर्ड १९६४ मध्ये बाजारात आली. पाचही रचना मॉर्गनच्याच आहेत. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, टेनर सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, पियानोवर बॅरी हॅरिस, डबल बेसवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स.

ही पाच नावं ऐकण्याआधी पाठ करावीत, कारण प्रत्येकाचा वाजवण्याचा स्वभाव वेगळा आहे. फिलाडेल्फियाचा मॉर्गन अठराव्या वर्षी डिझी गिलेस्पीच्या बिग बँडमध्ये गेला. १९५७ साली तो सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ या रेकॉर्डवर वाजला आणि १९५८ ते १९६१ ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या संचात होता. हेरॉइनच्या व्यसनामुळे तो फिलाडेल्फियाला परतला आणि मधली दोनेक वर्षं संगीतापासून जवळपास दूरच राहिला. ‘द साइडवाइंडर’ हे त्याचं पुनरागमन, आणि तेव्हा तो फक्त २५ वर्षांचा होता. हॅरिस हा डेट्रॉइटचा पक्का बीबॉप (१९४०च्या दशकातला वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ) पियानोवादक, पुढे जगभर शिकवणारा गुरू. हेंडरसन तेव्हा नुकताच ब्लू नोटवर आलेला, धारदार आणि अनपेक्षित वळणं घेणारा. हिगिन्स १९५९ मध्ये ऑर्नेट कोलमनच्या मुक्त संगीतात वाजलेला, तरीही नाचाच्या ठेक्यात तितकाच रमणारा. जुन्या वळणाचा पियानो आणि नव्या वळणाचा सॅक्सोफोन एकाच ठेक्यावर बसतात, त्यातून या रेकॉर्डला ताण मिळतो.

हार्ड बॉप म्हणजे थोडक्यात असं: बीबॉपची अवघड स्वररचना तशीच ठेवायची, पण तिच्याखाली ब्लूज आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेलची माती परत आणायची. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून ब्लेकी आणि पियानोवादक होरेस सिल्व्हर यांनी ही वाट रुंद केली. ट्रम्पेट, टेनर, पियानो, बेस आणि ड्रम्स हा पाच जणांचा संच या शैलीचा नेहमीचा साचा.

प्रत कुठली घ्यावी

स्ट्रीमिंगवर ऐकायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली रचना १० मिनिटं २५ सेकंदांची आहे ना, ते पाहा. तीन-चार मिनिटांची असेल तर ती सिंगलसाठी कापलेली आवृत्ती आहे आणि तिच्यात सोलोंचा मोठा भाग नाही. दुसरी गोष्ट रचनांची संख्या: मूळ रेकॉर्डवर पाचच आहेत. सहावी दिसली तर ती ‘टोटेम पोल’चा दुसरा टेक, म्हणजे त्याच रचनेचं वेगळं ध्वनिमुद्रण, आहे, सीडीच्या काळात जोडलेला. पहिल्या बैठकीत तो ऐकू नका, पुढे त्याचं स्वतंत्र काम आहे.

सीडी हवी असेल तर व्हॅन गेल्डरने स्वतः नव्याने मास्टर केलेली १९९९ची ‘आरव्हीजी एडिशन’ सहज मिळते. काहींना ती जरा चढ्या आवाजाची वाटते, आणि ते खरंही आहे, पण बेसची ओळ तिच्यात स्पष्ट ऐकू येते. या पद्धतीला तेच हवंय. एलपी घ्यायची तर ब्लू नोटच्या क्लासिक व्हिनाइल मालिकेतली प्रत घ्या. १९६४च्या मूळ प्रती, मोनो ४१५७ आणि स्टिरिओ ८४१५७ या क्रमांकांच्या, संग्राहकांच्या किमतीला जातात. तशी प्रत कोणी विकायला आणली तर लेबलवर ‘न्यू यॉर्क यूएसए’ आहे का, आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत व्हॅन गेल्डरचा शिक्का व कानासारखी दिसणारी छोटी खूण आहे का, ते भिंगाने पाहा. ही खूण प्लास्टिलाइट या रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याची. ती नसेल तर पहिल्या छपाईची किंमत देऊ नका.

कोकणात किंवा मुंबईत एलपी ठेवणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. दमट हवेत कागदी आतल्या पाकिटाला बुरशी धरते आणि ती खाचांत उतरते. मग मऊ जागी, विशेषतः बेसच्या सोलोत, सतत चरचर ऐकू येते. कागदी पाकीट बदलून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घ्या, रेकॉर्ड उभी ठेवा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या महिन्याला बदला. बुरशी आलीच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, गोल पुसा. आडवं पुसलं तर कचरा खाचांत आणखी खोल बसतो. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा. साबण राहिला तर सुईला चिकटतो.

साधनं

फोनच्या स्पीकरवर ही रेकॉर्ड ऐकणं म्हणजे अर्धी रेकॉर्ड न ऐकणं. डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि फोनचा छोटा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. शीर्षकाच्या रचनेची ओळख मुख्यतः बेस आणि पियानोच्या फिरत्या ओळीत आहे. ती गेली की उरतो तो पितळी आवाजाचा एक आकर्षक तुकडा. साधे पण कान झाकणारे हेडफोन, वायरचे असतील तर उत्तम.

अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड, शफल आणि इक्वलायझर बंद करा. क्रॉसफेड चालू असेल तर एका रचनेचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत मिसळतो आणि मोजणी बिघडते. इक्वलायझरमधला ‘बेस बूस्ट’ मदत करेल असं वाटतं, पण तो बेसचे स्वर एकमेकांत कालवतो. आवाज वाढतो, स्वर ओळखू येत नाही.

याशिवाय एक वही आणि पेन्सिल, सेकंद दाखवणारं घड्याळ, आणि असेल तर हार्मोनियम किंवा फोनवरचा कीबोर्ड.

पहिली बैठक: फक्त तळ

पहिली रचना तीनदा लावा आणि तिन्ही वेळा ट्रम्पेटकडे दुर्लक्ष करा. हे अवघड आहे, कारण मॉर्गनचा आवाज लक्ष खेचतो. पण उलट्या क्रमाने गेलं तर तळ कधीच ऐकू येत नाही.

पहिल्या खेपेला फक्त बेस. क्रॅनशॉची ओळ थोड्या स्वरांची आणि पुन्हापुन्हा येणारी आहे. ती तोंडाने गुणगुणता यायला हवी. दुसऱ्या खेपेला पियानो. हॅरिस इथे सुरुवातीला सोलोवादक नाही, ठेका धरणारा आहे. त्याचे तुटक, ठरलेल्या जागी पडणारे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बेसच्या ओळीत कसे अडकतात ते ऐका. तिसऱ्या खेपेला ड्रम्स. हिगिन्सचा ठेका नेहमीच्या जॅझसारखा झुलणारा नाही. त्यात लॅटिन आणि बुगालू नाचाचं अंग आहे आणि मात्रेचे दोन भाग जवळजवळ समान पडतात. तरीही तो यंत्रासारखा ऐकू येत नाही, कारण हिगिन्स जोर सतत हलवत ठेवतो आणि एकंदर आवाज कमी ठेवतो. इतक्या हलक्या हाताने इतका ठाम ठेका धरणारे ड्रमर फार थोडे.

इथे होणारी चूक म्हणजे पियानो आणि बेसला एकच वाद्य समजणं. तसं वाटलं तर हेडफोनचा एक कान काढा, मग दुसरा. व्हॅन गेल्डरच्या स्टिरिओ मांडणीत वाद्यं डावी-उजवीकडे स्पष्ट वाटलेली असतात. कोण कुठे आहे ते वहीत लिहा. हा आराखडा पुढच्या बैठकींत कामी येतो, विशेषतः ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकत्र वाजतात तेव्हा. प्रत मोनो असेल तर ही युक्ती चालणार नाही. मग बेस आवाजाच्या उंचीवरून आणि पियानो त्याच्या टोकदार सुरुवातीवरून ओळखायचा.

दुसरी बैठक: चोवीस बार मोजणं

सगळ्या पद्धतीचा कणा हाच, म्हणून इथे घाई करू नका.

चार मात्रांचा एक बार. साधा ब्लूज १२ बारांचा असतो. ‘द साइडवाइंडर’मध्ये मॉर्गनने तो दुप्पट लांब केला आहे, म्हणजे एक कोरस २४ बारांचा, ९६ मात्रांचा. कोरस म्हणजे आपल्याकडच्या आवर्तनासारखंच: पूर्ण फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. संपूर्ण रचनेत, सोलोसकट, हीच फेरी फिरत राहते. सोलो वाजवणारा मोकळा दिसतो, पण त्याच्याखाली २४ बारांचा हिशेब एकदाही थांबत नाही. एका फेरीला साधारण ३५ सेकंद लागतात. घड्याळाकडे पाहून ताडून बघा.

मोजायला हाताची पेरं सर्वांत सोयीची. अंगठ्याने करंगळीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला एक पेर पुढे जा. चार बोटांची बारा पेरं झाली की अर्धा कोरस. पुन्हा करंगळीपासून दुसरी बारा.

आता या पेरांवर चार खुणा बसवा.

करंगळीच्या पहिल्या पेरापासून आठ बार घरचाच कॉर्ड, म्हणजे ई फ्लॅट. काहीच हलत नाही असं वाटेल, आणि ते बरोबर आहे.

मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर, नवव्या बारला, तळ वर सरकतो: षड्ज ई फ्लॅट धरला तर मध्यमावर, म्हणजे ए फ्लॅटवर. तो चार बार तिथे राहतो. ही खूण कानाला सगळ्यांत आधी सापडते.

पेरांची दुसरी फेरी सुरू होते तिथे, तेराव्या बारला, पुन्हा घर.

पेरांच्या दुसऱ्या फेरीत अनामिकेच्या मधल्या पेराजवळ, सतराव्या बारच्या आसपास, कॉर्ड्स जास्त वेगाने बदलतात आणि एक उदास, मायनर छटा डोकावते. साध्या ब्लूजमध्ये ती या जागी अपेक्षित नसते. शेवटच्या चार बारांत वाट घरी वळते.

पहिल्यांदा मोजताना बहुधा तीन ठिकाणी गडबड होते. एक, सुरुवातीचा बेस-पियानोचा तुकडाच कोरस समजला जातो. तो फक्त प्रस्तावना आहे, मोजणी सुरू करायची ती ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन धून उचलतात तिथून. दोन, पाय दुप्पट वेगाने पडतो आणि २४ऐवजी ४८ निघतात. हिगिन्सच्या हातातला बारीक ठोका मात्रा समजला की असं होतं. मात्रा पायाच्या ठेक्याची, काठीच्या प्रत्येक ठोक्याची नव्हे. तीन, सोलो रंगात आला की मोजणी सुटते. सुटली तर मागे जाऊ नका आणि अंदाजाने आकडाही धरू नका. तळ मध्यमावर सरकण्याची वाट पाहा आणि तिथे ‘नऊ’ म्हणा. कुठल्याही सोलोत, कुठल्याही मिनिटाला, यानेच पुन्हा गाडीत चढता येतं.

सलग तीन कोरस न चुकता मोजता आले की ही बैठक पुरी झाली.

हार्मोनियम घेऊन

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी याच बैठकीत ती काढावी. षड्ज काळी दोनचा. घरचा कॉर्ड म्हणजे काळी २, पांढरी ५, काळी ५ आणि वरची काळी १: सा, ग, प आणि कोमल नी. नवव्या बारला येणारा कॉर्ड काळी ४, वरची पांढरी १, वरची काळी २ आणि वरची काळी ३: म, ध, सा आणि कोमल ग.

आता यातली गंमत बघा. घरच्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध आहे, मध्यमावर गेलं की तोच कोमल होतो. ब्लूजचा सगळा गोडवा आणि टोचणी या दोन गंधारांच्या मधल्या जागेत आहे. ब्लूज वाजवणारा घरच्या कॉर्डवरही कोमल गंधार लावतो, म्हणजे खाली शुद्ध आणि वर कोमल एकाच वेळी. आपल्या रागशिस्तीत हे चुकीचं वाटेल. इथे तोच हवा असलेला रंग आहे, म्हणून कानाने तो ‘दुरुस्त’ करू नये.

सोबत गुणगुणायला हे सहा स्वर घ्या: काळी २, काळी ३, काळी ४, पांढरी ६, काळी ५, वरची काळी १. म्हणजे सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र मध्यमावर थांबू नका, तो म आणि प यांच्यामधला जाताजाताचा स्वर आहे. या सहा स्वरांत कोणतीही छोटी ओळ करून ती २४ बारांवर फिरवत ठेवली की मॉर्गन कशावर उभा आहे हे हाताला कळतं. पेटी रेकॉर्डशी किंचित बेसूर लागली तर पेटीच्या पट्ट्या पाहा, किंवा टर्नटेबल ३३⅓ वर नीट फिरतोय का ते तपासा. वेग जरा जरी चढला तरी सगळी रचना वर सरकते.

तिसरी बैठक: सोलो

आता मॉर्गन. त्याच्या सोलोत स्वरांची लांब, अखंड ओळ शोधू नका. तो छोटी वाक्यं बोलतो. दोन-तीन स्वरांचा तुकडा घेतो, तोच परत म्हणतो, तिसऱ्यांदा त्याची लय हलवतो आणि मगच पुढे जातो. वहीत प्रत्येक कोरससाठी एक आडवी रेघ काढा, तिचे तीन भाग करा आणि मॉर्गन जिथे गप्प राहतो तिथे फुली मारा. फुल्या पाहिल्या की कळतं, त्याच्या वाजवण्याइतकंच त्याचं थांबणं आखलेलं आहे.

दुसरी गोष्ट स्वराच्या कडांची. मॉर्गन व्हॉल्व्ह (ट्रम्पेटवरची बोटाने दाबायची कळ) अर्धा दाबून स्वर चोळतो, त्यामुळे काही स्वर दबलेले, कण्हल्यासारखे येतात आणि मग एकदम उघडतात. हे ऐकू येत नसेल तर वेग ०.७५ वर आणा. बहुतेक अ‍ॅप उंची न बदलता वेग कमी करतात. चार बारांहून मोठा तुकडा एका वेळी घेऊ नका. तो तोंडाने म्हणता आला की पुढचा. ज्यांना बंदिशीची तान ऐकून उचलायची सवय आहे त्यांना हे लवकर जमेल.

मॉर्गननंतर हेंडरसन येतो आणि हवा बदलते. तो ठेक्याच्या कडेकडेने चालतो. ओळ तिरकी सुरू करतो, बारच्या मधेच संपवतो, कधी एखादा घोगरा स्वर खेचतो. इथे मोजणी सुटण्याची शक्यता सर्वाधिक, म्हणून ‘नऊ’ची युक्ती इथेच लागेल. हॅरिसचा सोलो त्यामानाने मवाळ वाटतो आणि काही लेखक त्याला या ठेक्यावर अवघडलेला मानतात. हे मत घाईचं आहे. तो नाचाच्या ठेक्यावर बीबॉपचं व्याकरण सोडत नाही, आणि त्यामुळेच दहा मिनिटं एकच रंग टिकण्याचा कंटाळा येत नाही. त्यानंतर क्रॅनशॉचा बेस पुढे येतो. पहिल्या बैठकीचे कष्ट इथे फळतात, कारण तळाची ओळ पाठ असेल तर त्याने ती कुठे सोडली हे लगेच कळतं. शेवटी धून परत येते.

‘टोटेम पोल’ आणि त्याचा दुसरा टेक

पहिल्या बाजूची ही दुसरी रचना, १० मिनिटं ११ सेकंदांची. तिचा ताल लॅटिन अंगाचा आणि झुलणारा स्विंग असा अदलाबदल करतो. हिगिन्सच्या झांजेवर लक्ष ठेवा. ठोका सरळ असतो तेव्हा लॅटिन, लांब-आखूड झाला की स्विंग. प्रत्येक बदलाला वहीत खूण करा.

मग दुसरा टेक लावा. तेच पाच जण, तोच दिवस, तीच धून, पण सोलो वेगळे. एकामागोमाग दोन्ही ऐकताना मॉर्गनच्या सोलोची फक्त पहिली आठ बारं घ्या आणि पुन्हापुन्हा तुलना करा. किती आधी ठरलेलं होतं आणि किती तिथल्या तिथे सुचलं, याचा यापेक्षा सरळ पुरावा मिळत नाही.

चौथी बैठक: दुसरी बाजू

‘गॅरीज नोटबुक’ आणि ‘बॉय, व्हॉट अ नाइट’ या दोन्ही ब्लूजच्याच अंगाच्या, पण चारऐवजी तीनच्या चालीच्या रचना आहेत. दादऱ्याच्या सहा मात्रा हातात बसलेल्या माणसाला त्या झटकन सापडतात, चारच्या हिशेबाने गेलं की पाय घसरतो. दोन्ही वेगवान आहेत. इथे बार मोजण्याचा हट्ट नको, चाल अंगात आली की पुरे. हिगिन्स तीनच्या चालीत हातपाय किती मोकळे ठेवतो तेवढं ऐका.

खरी परीक्षा शेवटच्या ‘होकस-पोकस’ची. ही ६ मिनिटं २१ सेकंदांची, चारच्या चालीत झुलणारी सरळ स्विंग रचना आहे. बेस प्रत्येक मात्रेला एक स्वर वाजवत चालतो. तिचा आराखडा ब्लूजचा नाही, ३२ बारांचा आहे: आठ बारांचा एक भाग दोनदा, मग आठ बारांचा वेगळा मधला भाग, मग पहिला भाग पुन्हा. पेरांवर मोजायचं तर इथे बारा पेरं घेऊ नका. चार बोटांची फक्त टोकं घ्या आणि दोनदा फिरा. आठ झाले की एक भाग.

टाळी पहिल्या मात्रेला देऊ नका. समेवर टाळी द्यायची आपली सवय घट्ट असते, पण स्विंगमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, जिथे ड्रमरच्या पायाखालची हाय-हॅट मिटते. पहिल्या आणि तिसऱ्यावर टाळी दिली की संगीत जड, कवायतीसारखं वाटायला लागतं.

या रचनेचे कॉर्ड्स ‘मीन टू मी’ या १९२९च्या लोकप्रिय गाण्यावरून घेतले आहेत. जुन्या गाण्याचा कॉर्डक्रम ठेवून वर नवी धून रचणं ही बीबॉपची जुनी रीत. प्रयोग असा करा: बिली हॉलिडेने १९३७ साली गायलेलं ‘मीन टू मी’ चार-पाच वेळा ऐकून धून पाठ करा. मग ‘होकस-पोकस’च्या सोलोंवर ती मनातल्या मनात, वेग वाढवून म्हणा. मधला भाग बरोबर जागी आला तर मोजणी पक्की झाली. न आल्यास बहुतेक वेळा पहिल्या भागाची दुसरी फेरी गाळली गेलेली असते.

ट्रम्पेट हातात असणाऱ्यांसाठी

लग्नाच्या बँडमधली असो वा दुकानातली, बी फ्लॅट ट्रम्पेट असेल तर लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली वाजतो. म्हणून ई फ्लॅटमधली ही रचना ट्रम्पेटवर एफमध्ये वाजवायची. टेनर सॅक्सोफोनलाही लिहिताना एफच. वर दिलेले सहा स्वर आणि त्यांचे व्हॉल्व्ह असे: एफ (पहिला), ए फ्लॅट (दुसरा आणि तिसरा), बी फ्लॅट (पहिला), बी (दुसरा), सी (एकही नाही), वरचा ई फ्लॅट (दुसरा).

मेट्रोनोम १२०च्या वेगासाठी ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसरी व चौथी मात्रा समजा. धून आधी या वेगाला, आणि व्हॉल्व्ह अडखळेनासे झाले की ५-५ने वर.

अर्धा व्हॉल्व्ह वेगळा शिका. सी हा उघडा स्वर लांब धरा, श्वास अजिबात न बदलता दुसरा व्हॉल्व्ह सावकाश अर्ध्यापर्यंत दाबा आणि परत सोडा. आवाज पूर्ण बंद पडला तर बोटाचा दोष नाही. व्हॉल्व्ह दाबताना नकळत श्वास आवळला गेलेला असतो. ओठांचा कंप तसाच ठेवून हवा किंचित वाढवली की चोळलेला स्वर येतो. दिवसाला पाचेक मिनिटं पुरेत, त्यापुढे ओठ थकून वरचे स्वर फाटतात. व्हॉल्व्ह अडकत असतील तर तेल घालून मगच हा सराव करा. कोरडा व्हॉल्व्ह अर्ध्यावर थांबत नाही, उडी मारतो.

मराठी कानाला ट्रम्पेट परका नाही. सी. रामचंद्रांच्या १९५०च्या आसपासच्या चित्रपटगीतांत चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा हात आहे. ते अंग मात्र आधीच्या स्विंगचं, उघड्या, चमकदार आवाजाचं. ते डोक्यात ठेवून मॉर्गनकडे आलं तर त्याचा दबलेला, खरखरीत स्वर सुरुवातीला बेशिस्त वाटू शकतो. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले की फरक आवाजाच्या कडेला आहे हे समजतं.

पुढे काय

‘द साइडवाइंडर’ बिलबोर्डच्या अल्बम यादीत २५व्या क्रमांकापर्यंत गेला. जॅझ रेकॉर्डसाठी ही मोठी मजल होती. क्रायस्लर या मोटार कंपनीने शीर्षकाची धून दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत वापरली. त्यानंतर ब्लू नोटच्या अनेक रेकॉर्डांची पहिली रचना अशाच नाचऱ्या ठेक्याची असायला लागली. मॉर्गनच्या १९६५च्या ‘द रंपरोलर’मध्ये ही छाया स्पष्ट आहे, म्हणून ती लगेच ऐकू नका. तुलना तिच्यावर अन्याय करते.

आधी ‘सर्च फॉर द न्यू लँड’ घ्या. ती फेब्रुवारी १९६४ मध्ये, म्हणजे ‘द साइडवाइंडर’नंतर दोनच महिन्यांत ध्वनिमुद्रित झाली, पण १९६६ पर्यंत बाहेर आली नाही. हिगिन्स तिथेही आहे, पण ठेका सैल, मोकळा. मग ‘कॉर्नब्रेड’, त्यातलं ‘सिओरा’ हळूवार रचनेतला मॉर्गन दाखवतं. त्यानंतर मागे जाऊन ब्लेकीचा १९५८चा ‘मोनिन’’ ऐका. तिथे मॉर्गन वीस वर्षांचा आहे, भरधाव आणि भरपूर स्वर वाजवणारा. फुल्यांची वही तिथेही वापरा: ‘मोनिन’’च्या शीर्षकरचनेतल्या त्याच्या सोलोतल्या फुल्या आणि ‘द साइडवाइंडर’मधल्या फुल्या शेजारीशेजारी मांडून पाहा.

१९ फेब्रुवारी १९७२ रोजी न्यू यॉर्कच्या ‘स्लग्ज सलून’ या जॅझ क्लबमध्ये कार्यक्रम चालू असलेल्या रात्री त्याची जोडीदार हेलनने झाडलेल्या गोळीने त्याचा मृत्यू झाला, वयाच्या ३३व्या वर्षी. शेवटच्या काळातला मॉर्गन ऐकायचा तर १९७०च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या लाइटहाउस क्लबमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह अ‍ॅट द लाइटहाउस’ घ्या. त्यातल्या रचना लांबलचक आहेत, म्हणून एका बैठकीला एकच.